फ्लाइट जॅकेटचा खरा रंग कसा शोधायचा आणि सिनेमासाठी तो कसा उतरवायचा

दुसऱ्या महायुद्धावरचा एखादा अलीकडचा सिनेमा बघताना वैमानिकांच्या जॅकेटांकडे नीट लक्ष द्या. कथा १९४३ ची, इंग्लंडमधला अमेरिकी विमानतळ, पोरं विशी-बाविशीतली. अंगावरची जॅकेटं मात्र आजोबांच्या ट्रंकेतून काढल्यासारखी असतात. कोपरं पांढुरकी, खिशांच्या कडा उडालेल्या, एकूण रंग तांबूस. आपल्याला तोच रंग अस्सल वाटतो, कारण खरी जॅकेटं आपण पाहिलेली असतात ती संग्रहालयाच्या काचेआड किंवा लिलावाच्या फोटोंत, म्हणजे ऐंशी वर्षं उलटल्यावर. त्या पोराला मात्र ते जॅकेट हातात पडून जेमतेम काही महिने झालेले असत.

कपडेपटात काम करणाऱ्यांनी, संग्राहकांनी आणि हौसेने हुबेहूब वेश उभा करणाऱ्यांनी रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारावा: कथेच्या तारखेला हे जॅकेट किती जुनं होतं? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

पहिली पायरी: समोर आहे ते नेमकं कोणतं जॅकेट?

'बॉम्बर जॅकेट' या एका नावाखाली दुकानदार काहीही विकतात. रंगाच्या दृष्टीने त्यात निदान पाच वेगळे प्राणी आहेत, आणि प्रत्येकाचा रंग वेगळ्या वाटेने बदलतो.

ए-२ हे अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३१ मध्ये स्वीकारलेलं चामड्याचं जॅकेट. कॉलरची टोकं टिचबटणांनी खाली बसवलेली, समोर झाकणाचे दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरी विणीचे पट्टे. कातडं बहुतेक घोड्याचं, काही कंत्राटांत शेळीचं किंवा गाईचं. रंगाचं अधिकृत नाव 'सील ब्राउन', म्हणजे काळ्याकडे झुकणारा गडद तपकिरी. प्रत्यक्षात एरो लेदर, रफ वेअर, डुबो, पेरी स्पोर्ट्सवेअर अशा अनेक कारखान्यांनी ती शिवली आणि रंग गडद चॉकलेटीपासून तांबूस 'रसेट'पर्यंत पसरला. म्हणून 'ए-२ चा योग्य रंग कोणता' असं विचारलं तर एकच उत्तर मिळत नाही. कोणत्या कारखान्याचं, कोणत्या कंत्राटातलं, हे आधी सांगावं लागतं. ते मानेजवळच्या लेबलावर असतं. 'ड्रॉइंग नंबर ३०-१४१५' आणि त्याखाली कंत्राटाचा आकडा व कारखान्याचं नाव.

जी-१ हे नौदलाचं. शेळीचं दाणेदार कातडं आणि कॉलरला रंगवलेली मेंढीची लोकर. १९४० पासून एम-४२२ वगैरे नावांनी त्याच्या आधीच्या आवृत्त्या होत्या, 'जी-१' हे नाव युद्धानंतर आलं. १९८६ च्या 'टॉप गन'मुळे जगभर गेलं ते हेच.

बी-३ हे अमेरिकी आणि अर्विन हे ब्रिटिश. दोन्ही मेंढीच्या कातड्याची, लोकर आत. उघड्या खिडक्यांच्या बॉम्बफेकी विमानात उणे चाळीस अंशांत बसणाऱ्यांसाठी केलेली. त्यानंतर येतात नायलॉनची: बी-१५ च्या नंतरच्या आवृत्त्या, एल-२ आणि एमए-१. शेवटचं सीडब्ल्यूयू-४५, १९७० च्या दशकातलं, आगीला न पेटणाऱ्या नोमेक्स कापडाचं.

इथे एक चूक वारंवार दिसते. एमए-१ चं नारिंगी अस्तर सगळ्यांना माहीत असतं. विमान पडलं तर जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधपथकाला लांबून दिसेल, ही त्यामागची कल्पना. पण ते अस्तर साधारण १९६० पासून आलं. त्याआधीच्या एमए-१ चं अस्तरही बाहेरच्या कापडासारखंच शेवाळी. कथा १९५७ ची असेल आणि नायकाने चेन उघडल्यावर नारिंगी चमकलं, तर बाहेरच्या हिरव्याची छटा कितीही अचूक साधलेली असो, तिचा काही उपयोग नाही.

दुसरी पायरी: ऊन न लागलेली जागा शोधा

खरं जुनं जॅकेट हाताशी असेल, किंवा कुणा संग्राहकाने बघू दिलं, तर पाठ आणि बाही बघून रंग ठरवू नका. जिथे ऊन, घाम आणि घासणं पोचलेलं नाही तिथे मूळ रंग शिल्लक असतो. कॉलरची खालची बाजू, खिशाच्या झाकणाखालची पट्टी, खांद्यावरच्या पट्टीच्या आतला भाग, चेनमागची वारा अडवणारी पट्टी. नौदलाच्या जॅकेटांत याच पट्टीवर 'यूएसएन' (यूएस नेव्ही) ही अक्षरं भोकांनी टोचलेली असतात, ती बघायला पट्टी उलटावी लागतेच, तेव्हाच रंगही बघून घ्या.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे निघालेला बिल्ला. पथकाचा बिल्ला किंवा नावाची चामडी पट्टी कित्येक वर्षं एका जागी शिवलेली असेल आणि नंतर काढली असेल, तर तिथे तिच्या आकाराचा गडद डाग राहतो. तो डाग म्हणजे जॅकेटचा तरुणपणीचा रंग, आणि शेजारीच त्याचं म्हातारपण. दोन्ही एकाच फोटोत मिळतात.

त्याच वेळी शिवणीचा दोरा भिंगातून बघा. अनेक तांबूस ए-२ जॅकेटांना युद्धकाळातच लष्करी डेपोंत पुन्हा गडद रंग दिला गेला. अशा जॅकेटाच्या दोऱ्यावर, लेबलाच्या कडेवर, चेनच्या कापडी पट्टीवर रंग चढलेला दिसतो. मूळ कारखान्यात चामडं आधी रंगवलेलं असतं आणि दोरा नंतर लागतो, त्यामुळे दोरा स्वच्छ असायला हवा. रंगलेला दोरा दिसला म्हणून लगेच 'कुणीतरी बिघडवलं' असं म्हणू नका. कदाचित १९४२ मध्येच, सरकारी खर्चाने ते झालेलं असेल.

फोटो काढताना जॅकेटशेजारी राखाडी कार्ड किंवा चोवीस चौकटींचा रंगतक्ता ठेवा. तो नसेल तर नंतर संगणकावर कुठला तपकिरी खरा, यावर फक्त भांडणं होतात.

तिसरी पायरी: पडद्यावर दिसतं त्यावर किती विश्वास ठेवायचा?

फार थोडा. पुष्कळ जण इथेच फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

१९६३ च्या 'द ग्रेट एस्केप'मध्ये स्टीव्ह मॅक्वीनने घातलेलं ए-२ घ्या. त्याच्या रंगावर जगभरची माणसं तासन्‌तास वाद घालतात, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी प्रत असते. त्या काळच्या ईस्टमनकलर पद्धतीच्या प्रिंटांमध्ये निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर सगळ्यात आधी उडतो. वर्षं गेली की सगळी प्रिंट गुलाबी-तांबडी होते. अशा प्रिंटमध्ये गडद तपकिरी चामडं विटकरी दिसतं आणि शेवाळी कापड मातकट. त्यावरून काढलेली जुनी कॅसेट, मग डीव्हीडी, मग निगेटिव्हपासून नव्याने केलेली ब्ल्यू-रे, अशा तिन्हींमध्ये तेच जॅकेट तीन रंगांचं दिसू शकतं. नव्या प्रतीत रंगकाम करणाऱ्याने सावल्या निळसर आणि त्वचा नारिंगी केली असेल, तर चामडंही नारिंगीकडे सरकतं.

कृष्णधवल सिनेमांनी वेगळाच घोळ घातलाय. १९४० च्या दशकातल्या युद्धपटांत सील ब्राउन चामडं जवळपास काळं उमटतं. काळ्या ए-२ बद्दलचा पुष्कळसा गैरसमज तिथूनच आलेला असावा, असं मला वाटतं.

मग आधार कशाचा घ्यायचा? त्या काळच्या कोडाक्रोमचा, म्हणजे कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मचा. दिग्दर्शक विल्यम वायलरने १९४३ मध्ये बी-१७ या बॉम्बफेकी विमानांत बसून १६ मिमी कोडाक्रोमवर चित्रण केलं, आणि त्यातून १९४४ चा 'मेम्फिस बेल' हा माहितीपट झाला. त्या मूळ फिती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अंधारात ठेवलेलं कोडाक्रोम फार टिकतं, त्यामुळे खऱ्या माणसांच्या अंगावरची, खऱ्या उन्हातली जॅकेटं तिथे दिसतात. कोडाक्रोमचाही स्वभाव आहे, सावल्या खोल आणि तांबडा जरा जोरदार. तरी चौकटीतल्या इतर वस्तू ताडून बघता येतात. खाकी शर्ट, लष्करी जीपचा हिरवा, माणसाच्या हाताची त्वचा. यांपैकी दोन गोष्टी बरोबर वाटत असतील तर जॅकेटाच्या रंगावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

'हेच जॅकेट सिनेमात होतं' असा दावा घेऊन कुणी विकायला आलं तर रंग जुळतो का हे बघत बसू नका, त्याने काही सिद्ध होत नाही. चामड्याचा दाणा, एखादी वाकडी शिवण, खिशाच्या कोपऱ्यातला तिरपा टाका, बाहीवरची नैसर्गिक सुरकुती, हे जुळवा. कातड्याचा दाणा दोन जनावरांचा एकसारखा नसतो. रंग मात्र कुणीही कसाही करू शकतो.

चौथी पायरी: रंग बदलतो म्हणजे नक्की काय होतं?

चामडं कमावण्याच्या मुख्य दोन पद्धती. झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं ऊन, हाताचं तेल आणि वय यांनी गडद होत जातं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेली कोल्हापुरी चप्पल पायात वर्षभर राहिली की जशी काळसर-तांबूस होते, तसंच. क्रोम क्षारांनी कमावलेलं चामडं आतून निळसर-राखाडी असतं आणि रंगाच्या बाबतीत बरंच स्थिर राहतं. एखाद्या कापलेल्या कडेवर बघा. आतला भाग खाकी-तपकिरी असेल तर वनस्पतीचं, राखाडी-निळसर असेल तर क्रोमचं. ही एक तपासणी पुढचं अर्धं काम ठरवते, कारण कडा घासल्या की जे बाहेर येणार ते हेच.

ए-२ च्या कडा उडतात त्या या कारणाने. रंग मुख्यतः वरच्या थरात, त्यावर लॅकरसारखा लेप. लेप घासून गेला की खालचा फिका तांबूस उघडा पडतो. चामडं म्हातारं होऊन तांबडं झालेलं नसतं, वरचा तपकिरी गेलेला असतो. याउलट दमट आणि धुरकट हवेत साठवलेलं वनस्पतीचं चामडं खरोखर कुजून तांबड्या भुकटीसारखं झडतं. ती अवस्था सिनेमासाठी नक्कल करायची नाही. ते कपड्याचं वय नाही, मरण आहे.

बी-३ मध्ये मेंढीच्या कातड्याच्या मांसाकडच्या बाजूवर तपकिरी लेप चढवलेला असे. तो लवचीक राहत नाही, तडकतो, आणि भेगांतून पांढरं कातडं दिसतं. अर्विन मात्र बरंचसं रंगवलेलं असल्याने भेगा कमी आणि एकूण रंगच गडद तपकिरीवरून तांबूस-पिवळ्याकडे सरकतो. युद्धकाळात कातडं काटकसरीने वापरावं लागे, म्हणून नंतरच्या अर्विनांत तुकडे जास्त. वेगवेगळ्या मेंढ्यांचे ते तुकडे वेगवेगळ्या वेगाने विटतात. एकाच जॅकेटात चार तपकिरी दिसले तर दुरुस्ती समजू नका.

जी-१ च्या कॉलरची लोकर रंगवलेली असते आणि प्रकाशात तांबूस-सोनेरी होते. जुन्या जॅकेटांच्या फोटोतल्या त्या 'गोड' सोनेरी कॉलरी वैमानिकाला जॅकेट देताना गडद तपकिरी होत्या.

नायलॉनची गोष्ट सगळ्यात विचित्र. अमेरिकी हवाई दल १९४७ मध्ये स्वतंत्र झाल्यावर जॅकेटं गडद निळी झाली, पुढे ती शेवाळी-राखाडी 'सेज ग्रीन' केली गेली. आज मिळणारी जुनी निळी जॅकेटं पुष्कळदा वांगी रंगाची दिसतात आणि हिरवी तपकिरी किंवा जांभळट. कारण असं, की कापडावरचा हिरवा हा एक रंग नसतो. दोन-तीन रंगद्रव्यांचं ते मिश्रण असतं, आणि प्रत्येकाची उन्हापुढे टिकण्याची ताकद वेगळी. त्यातलं एक आधी उडालं की उरलेल्यांची छटा पुढे येते. म्हणजे जॅकेट फिकं होत नाही, वेगळ्याच रंगाचं होतं. त्यातही बाहीचं कापड एका गाठोड्यातलं, पाठीचं दुसऱ्या, खिशाचं तिसऱ्या. नवी असताना एकसारखी दिसणारी कापडं तीस वर्षांनी एकमेकांना ओळखत नाहीत. दोरा, चेनची पट्टी आणि लोकरी कफ यांची प्रत्येकाची चाल वेगळी.

पाचवी पायरी: कथेतलं वय ठरवा

आता त्या मूळ प्रश्नाचं उत्तर लिहून काढा. प्रत्येक पात्रासाठी एक ओळ पुरते: जॅकेट कधी मिळालं, कुठे कुठे घातलं, कथा कधी घडते.

इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी दलात सुरुवातीला पंचवीस मोहिमांनंतर माणसाची सुटका होई, पुढे हा आकडा तीस आणि पस्तीसपर्यंत वाढवला. म्हणजे बहुतेकांच्या नशिबी ते जॅकेट वर्ष-दीड वर्षाचं, अमेरिकेतल्या प्रशिक्षणाचा काळ धरूनसुद्धा. त्यामुळे नवख्या पोराचं जॅकेट गडद, जवळजवळ एकसारख्या रंगाचं, थोडी चमक असलेलं. सुरकुत्या कोपरात आणि बगलेत, रंग उडणं फक्त खिशाच्या झाकणाच्या टोकाला आणि कफाच्या वरच्या शिवणीला. पॅराशूटचे पट्टे जिथे घासतात तिथे, म्हणजे खांद्यावर आणि छातीवर, लेप मंद झालेला.

त्याच दृश्यात एखादा युद्धापूर्वीपासूनचा अधिकारी असेल, तर त्याचं ए-२ पाच-सहा वर्षांचं असू शकतं. तो एकटा तांबूस कडांचा दिसू द्या. कोण जुना, कोण नवा, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. सगळ्या पथकाला एकाच दिवशी, एकाच काचकागदाने घासलं की ही सगळी माहिती पुसली जाते. माझ्या मते युद्धपटांच्या वेशभूषेतली ही सगळ्यात मोठी उधळपट्टी आहे.

'द ग्रेट एस्केप'सारख्या कथेत युद्धकैदी एकच जॅकेट महिनोन्‌महिने अंगावर वागवतो, तिथे झिजलेपणाला कारण आहे. २०२२ च्या 'टॉप गन: मॅव्हरिक'मध्ये नायक आपलं जुनंच जी-१ काढून घालतो. तिथे कॉलर तांबूस झालेली, कफ सैल झालेले दिसायलाच हवेत.

आणखी एक भेद ध्यानात ठेवा. खांद्याच्या वरच्या कडेवर सरळ फिकी पट्टी आणि खालचा भाग गडद, हे घातलेल्या जॅकेटाचं लक्षण नाही. खिडकीसमोर हँगरवर वर्षानुवर्षं टांगलेल्याचं आहे. जुन्या नमुन्यावरून नक्कल करताना ही पट्टी लोक हौसेने उतरवतात, आणि पडद्यावर वैमानिक कपाटातून आल्यासारखा दिसतो.

सहावी पायरी: नव्या चामड्याला वय देणं

हे फक्त नव्याने शिवलेल्या जॅकेटावर करायचं. खरं जुनं जॅकेट सिनेमासाठी घासणं हा गुन्हाच म्हणायचा.

धारावीत किंवा कुठेही जॅकेट शिवून घेत असाल तर चामडं ठरवण्याआधी त्याचा तुकडा मागा आणि त्याची कड बघा. तिथे सहज मिळतं ते क्रोमचं मेंढीचं किंवा शेळीचं. घासल्यावर राखाडी कड दिसली तर ए-२ ची नक्कल तिथेच संपली. आरपार तांबूस रंगवलेलं आणि वर गडद लेप दिलेलं चामडं मागा. 'आतून टॅन, वरून डार्क ब्राउन' इतकं सांगितलं की कारागिराला समजतं. मेंढीचं फार मऊ पडतं, युद्धकाळातली घोड्याच्या कातड्याची ताठ घडी त्यात येत नाही. शेळीचं किंवा पातळ गाईचं घ्या.

आधी सुरकुती, मग रंग, हा क्रम मोडू नका. जॅकेट कोमट पाण्याने फवारून ओलसर करा, नटाच्या मापाच्या माणसाला घालायला द्या, त्याला बसू द्या, हात दुमडू द्या, वाळेपर्यंत अंगावर राहू द्या. कडक गरम पाणी किंवा हीटगन नको, वनस्पतीने कमावलेलं चामडं साधारण सत्तर-ऐंशी अंशांपुढे आकसतं आणि परत येत नाही. वाळल्यावर सुरकुत्यांचे उंचवटे दिसतील, रंग तिथूनच काढायचा.

फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या उंचवट्यांवरचा लेप मऊ करा. अॅसिटोन जलद काम करतं, पण थांबायला वेळ देत नाही. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, जवळपास सिगारेटसुद्धा नको. मग ४०० नंबरचा काचकागद, कडांना आणि शिवणींना, बोटाभोवती गुंडाळून. सपाट जागी कागद लावू नका, सपाट जागा अंगावर घासत नाही. दर थोड्या वेळाने सहा पावलं मागे जाऊन बघा. कॅमेरा जवळ आला नाही तर ही झीज कुणाला दिसतही नाही, आणि जवळ आला तर जास्तीची लगेच दिसते.

उघडा पडलेला भाग कोरा चकाकतो, त्यावर तपकिरी मेण किंवा बुटाचं पॉलिश अगदी पातळ लावून पुसून घ्या. शेवटी मुलतानी माती. जगभरच्या सिनेमांत कपड्यांवर धूळ म्हणून वापरतात ती हीच, फुलर्स अर्थ. ती शिवणींत बसते, चमक मारते आणि झटकून काढता येते. तेल मात्र जपून. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल चामडं पटकन काळं करतं आणि ते परत फिकं होत नाही. नायकाच्या जॅकेटावर तेल लावायचंच असेल तर आधी दुय्यम प्रतीवर लावून रात्रभर ठेवा.

सातवी पायरी: नायलॉन

१९८० च्या 'द हंटर'मध्ये मॅक्वीनच्या अंगात एमए-१ आहे, तेव्हापासून हे जॅकेट शहरी पात्रांनाही आलं. त्यामुळे नायलॉन 'जुनं करून द्या' अशी मागणी चामड्याइतकीच येते.

पहिलं काम म्हणजे कापड खरोखर नायलॉन आहे का हे पाहणं. स्वस्त नकलांमध्ये पॉलिएस्टर असतं, आणि नायलॉनवर चढणारे आम्ल रंग पॉलिएस्टरवर बसत नाहीत. आतल्या शिवणीच्या कडेचा, कापडाचाच एक धागा काढून आम्ल रंगात उकळून बघा, लगेच समजेल. ब्लीच टाकून फिकं करायचा मोह आवरा. क्लोरीन नायलॉन कमजोर करतं आणि पिवळटही.

जांभळट वय आणायचं तर वरून पातळ रंग द्यावा लागतो. सेज ग्रीनवर अगदी विरळ तांबूस-जांभळा आम्ल रंग, थोडं व्हिनेगर, जवळजवळ उकळीला आलेलं पाणी. पण अख्खं जॅकेट बुडवलं तर लोकरी कफ तोच रंग नायलॉनपेक्षाही अधिक पितात आणि आतला भराव गोळा होतो. म्हणून कफ आणि कॉलर उसवून बाजूला काढा, किंवा शिवण्याआधी कापडाचे तुकडेच वेगवेगळे रंगवा. दुसरी वाट जास्त चांगली, कारण पाठ, बाही आणि खिसा यांना मुद्दाम किंचित वेगळी छटा देता येते, आणि खऱ्या जुन्या एमए-१ चा जीव त्यातच आहे. सुती दोरा आम्ल रंग घेत नाही, तो मूळ रंगाचाच राहील. ते तसंच असू द्या.

नोमेक्सच्या वाटेला जाऊ नका. घरगुती पद्धतीने तो रंगत नाही. हवी ती छटा असलेलं, थोडं वापरलेलं जॅकेट शोधणं सोपं पडतं.

आठवी पायरी: कॅमेऱ्यासमोर, वेळेवर

दोन कापडं ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसतात आणि उन्हात वेगळी. त्यांची रंगद्रव्यं वेगळी असल्याने असं होतं. सिनेमात हे पदोपदी होतं, कारण सेटवरचा टंगस्टन दिवा ३२०० केल्विनचा आणि दिवसाचा प्रकाश ५६०० च्या आसपास. नायकाचं जॅकेट आणि स्टंट करणाऱ्याचं जॅकेट वेगवेगळ्या गाठोड्यांतल्या कापडाचं असेल, तर स्टुडिओत जुळलेली जोडी बाहेरच्या दृश्यात फुटते. दोन्ही प्रती एकत्र, दोन्ही प्रकाशांत, त्याच कॅमेऱ्यावर तपासा आणि छायाचित्रणकाराला बोलावून दाखवा. स्वस्त एलईडी दिव्यांखाली तपकिरी मरगळतो, त्यावरून रंग बदलायला घेऊ नका.

चमकणारं चामडं आकाश परत फेकतं. ढगाळ दुपारी सील ब्राउन निळसर काळं दिसेल. तिथे रंग नाही, मातीची एक हलकी झटक पुरते.

दृश्यं उलटसुलट क्रमाने चित्रित होतात, म्हणून वयाचे टप्पे ठरवा आणि प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र प्रत ठेवा. एकाच प्रतीवर वय वाढवत नेलं तर परतीची वाट नसते, आणि सुरुवातीचं दृश्य शेवटच्या आठवड्यात घेतलं जाणारच. प्रत्येक टप्प्याचा समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बाह्यांचा फोटो, रंगतक्त्यासह. अस्तरात कापडी पट्टी शिवून त्यावर पात्र, टप्पा आणि कथेतली तारीख लिहा.

नववी पायरी: चित्रीकरणानंतर

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याचा शत्रू ऊन नाही, बुरशी आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती येते. प्लास्टिकच्या पिशवीत जॅकेट घामेजतं, मांजरपाटाचं कव्हर शिवून घ्या. हँगरला जाड गादी हवी. बुरशी दिसली तर उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका.

धातूकडेही लक्ष द्या. पितळी टिचबटणांभोवती हिरवं मेणचट काही साचतं, ते चामड्यातल्या तेलाने झालेलं असतं. लाकडी काडीने खरवडून काढा. लोखंडी चेन गंजली आणि चामडं वनस्पतीने कमावलेलं असलं, तर टॅनिन आणि लोह मिळून काळे-निळे डाग पडतात. ते जात नाहीत.

खरं जुनं जॅकेट प्रदर्शनात ठेवायचं असेल तर प्रकाश ५० लक्सच्या पुढे नको, आणि काही महिन्यांनी ते अंधारात परत. भाड्याच्या गोदामात परत जाणाऱ्या नकलांची मुलतानी माती झटकून काढा, पण टप्प्याची पट्टी अस्तरातून उसवू नका. पुढच्या सिनेमाचा माणूस ते जॅकेट उचलेल तेव्हा झीज मुद्दाम केलेली आहे हे त्याला कळायला हवं, नाहीतर तो पहिल्याच दिवशी त्यावर गडद पॉलिश फिरवून मोकळा होईल.